बकऱ्या बकऱ्यांत, म्हशी म्हशींत

धारूरच्या पारावरच्या मंडळींनो, हे सगळ्यांपुढं मोठ्यानं वाचा. आज हैदराबादेत जुम्म्याची सुट्टी. दुपारचीच गोष्ट हाय.

सुट्टीला एक मास्तर आमा कामगारांना अलजब्रा शिकवतात. त्यांना ताप आलाय. मला म्हणले, "आज तू शिकव." मी शाळेत किती टिकलो, ते तुमाला ठाऊकच हाय! पण वर्ग मोडू नये म्हणून हुबा राहिलो.

फळ्यावर लिहिलं, ३ब + २भ + ४ब. म्हणलं, "मुख्तसर करो." म्हणजे लांबलचक हाय ते आटोपशीर लिहा. सगळ्यांनी एकदमच मिळवून टाकलं, नऊ बभ!

"अरे, ब म्हणजे बकरी, भ म्हणजे भैंस. बकऱ्या बकऱ्यांत मिळवा, म्हशी म्हशींत."

कारखान्यात लेथ मशीन चालवणारा दाऊद लई हसला. "हमारे यहाँ दोनों एकीच खूँटे को बांधते, उस्ताद!"

मग त्यांना आपल्या वेशीचं सांगितलं. सांजच्याला गुराखी कळप वेशीत सोडतो, आन जनावरं आपापल्या दारात जातात.

"हाँकता कौन?" दाऊदनं विचारलं.

"कुणीच न्हाई. त्यांना घर ठाऊक असतं."

एवढं बोललो आन फळ्याऐवजी आपली वेसच दिसाया लागली. पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर गेलतो. लई वेळानं परत आलो, तर वाट बघून सगळे निघून गेलते. सात ब, दोन भ हे उत्तर लिहायचं राहूनच गेलं.

गावाचं नाव न काढता हे कसं शिकवावं, तुमीच सांगा. लवकर कळवा. पुढच्या जुम्म्याला वर्गातली माणसं आली न्हाईत, तर इथं माझ्याशी बोलायला कुणीच न्हाई.