तेवीस घरं, एकच ठिपका

यादी केल्याशिवाय मी कामाला हात घालत नाही. कारेगावात एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये मी नोकरी करते. तिथं नोंद नसेल तर बोल्टसुद्धा दाराबाहेर जात नाही. घर मात्र भीमेच्या पलीकडं, दौंड तालुक्यात, उसात दडलेल्या तेवीस घरांच्या वस्तीवर. दवाखान्यानं गाडी बोलवायचं ॲप काढलं तेव्हा वस्तीची नोंदणी मी अंगावर घेतली. कुणी सांगितलं नव्हतं.

वस्तीवर रेंज येत नाही. ती येते दीड किलोमीटरवर, नदीकाठच्या मोटारीच्या खोलीपाशी, तीही पैलतीरावरच्या शिरूरकडच्या टॉवरची. फोन करायला निघालेला माणूस आमच्याकडं ‘रेंजवर जाऊन येतो’ असंच म्हणतो. म्हणून एका रविवारी मी सगळ्यांना तिथंच बोलावलं. नाव, वय, आजार, शेवटी ‘घराचं ठिकाण’ हे बटण दाबलं, की वहीत बरोबरची खूण. दोन तासांत तेवीस खुणा झाल्या. त्या दिवशीचा चहा मी जरा ऐटीतच प्यायले.

महिन्याभरानं, सकाळी अकराच्या सुमारास, कामावर असताना शेजारच्या चुलतजावेचा फोन आला. ती धापा टाकत होती.

“ताई, आबांचं लक्षण बरं न्हाई. घामानं पार भिजल्यात. काय बोलत्यात, उमगंना.”

आबा म्हणजे माझे सासरे. रोज इन्सुलिन घेतात. साखर उतरली असणार.

“गिळता येत असेल तर साखरपाणी द्या. मी गाडी पाठवते. तुम्ही पळा घरी.”

ती पळाली, म्हणजे रेंजबाहेर गेली. मी ॲपमधल्या वस्तीच्या यादीत आबांच्या नावापुढचं बटण दाबलं. गाडीचा ठिपका सरकू लागला. मी त्याच्याकडं टक लावून बसले. ‘गाडी घरी पोचली’ असं उमटलं तेव्हा कुठं मी पाण्याची बाटली उघडली.

तेवढ्यात ड्रायव्हरचा फोन.

“ताई, पोचलोय. पर हितं माणूस न्हाई, काय न्हाई. पाण्याच्या कडंला निस्त्या चपला पडल्यात.”

“पाण्याच्या?”

“नदीच्या. तुमचं घर कुठं हाय?”

मी नकाशा मोठा केला. आमच्या घराचा ठिपका अर्धा काठावर होता, अर्धा पाण्यात. मागं एकदा साखर उतरली तेव्हा आबा भान हरपून चालत चालत दुसऱ्याच्या उसात शिरले होते. आताही जाऊ फोन करायला गेली तेव्हा ते एकटे होते.

“चपला कसल्या आहेत?”

“काळ्या. रबरी.”

आबांच्या काळ्या रबरीच होत्या. वस्तीवर सगळ्यांच्याच तशा असतात, हे त्या वेळी सुचलं नाही.

“थांबा, थांबा,” ड्रायव्हर ओरडला. “पाण्यातनं कोनतरी वर आलं!”

“आबा?” मी इतक्या मोठ्यानं किंचाळले की अख्खं स्टोअर वळून बघू लागलं.

“आगं मी हाय, आबा न्हाई.” वस्तीवरच्याच आप्पांचा आवाज होता. “मोटारीच्या पायपातला गाळ काढत व्हतो. ही गाडी हितं कशाला धाडलीस?”

“घरीच पाठवलीय आप्पा. घराचं ठिकाण दिलंय.”

“घर? तू नदीत ऱ्हातीस व्हय? आगं, त्या रविवारी तू समद्यांला हितंच हुबं केलं हुतंस की!”

ते बटण म्हणजे फोन या क्षणी जिथं आहे ती जागा. मी तेवीस फोन एकाच जागी धरून तेवीस वेळा ते दाबलं होतं, आणि वर खुणा केल्या होत्या.

“आप्पा, आबांची साखर उतरलीय. गाडीत बसा, रस्ता दाखवा.”

ओल्या अंगानं ते तसेच बसले. गाडी रेंजबाहेर गेली. आबांचं काय झालं हे कळायला गाडीला पुन्हा रेंजमध्ये यावं लागणार होतं. मी पिशवीतली वही काढली. एकेका घराचं ठिकाण उघडून बघितलं. ठिपक्यावर ठिपका. दिवस भरत आलेल्या गरोदर बाईचं घरही त्यातच.

पाऊण तासानं ड्रायव्हरचा फोन आला. “ताई, आबा शुद्धीवर हायत. साखरपाणी वेळंवर गेलं म्हणून बरं. दवाखान्यात निघालोय. आप्पाला शिव्या देत्यात, गाडी वली केली म्हणून.”

मी बसल्या जागी रडले. पन्नाशीच्या बाईनं स्टोअरमध्ये रडावं, हे कुणाला पटलं नसतं.

पुढच्या रविवारची वाट बघितली नाही. रजा टाकली आणि पहिलं गाठलं त्या गरोदर बाईचं अंगण. फोन जागा हुडकतो ती आकाशातल्या उपग्रहांवरून. त्यासाठी रेंज लागत नाही, हे मला तोवर चौकशीअंती कळलं होतं. रेंज लागते ती फक्त पाठवायला. पत्र्याखाली नाही, उघड्यावर उभं राहायचं. बॅटरी वाचवायची सोय बंद, अचूक ठिकाणाची चालू. ठिपक्याभोवतीचं वर्तुळ अंगणाएवढं होईपर्यंत थांबायचं. अक्षांश-रेखांशाचे आकडे वहीत उतरवायचे आणि नदीवर जाऊन ॲपमध्ये भरायचे. एकेका घराला दहा-दहा मिनिटं लागली.

आमचं घर शेवटी घेतलं. आबा बाजेवर बसून बघत होते.

“झालं का? आता मी नदीत न्हाई ना?”

“नाही आबा.”

“मग कर की खूण.”

मी पेन टोपणात घातलं. “गाडी दारात येऊन उभी राहू दे. मग करते.”