शेवटी पुणं आहेच

बाळांनो, गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुमच्यातल्या मोठ्याने मला विचारलं, "आजी, बॅकअप कॉलेजेस किती ठेवू?" तुमची आई मागून हसत म्हणाली, "आजीलाच विचार. तिने जयपूरचा सगळा तमाशा बघितलाय." मी तेव्हा विषय बदलला. माझ्या शेजारी तुमचा मामा बसला होता आणि पलीकडच्या खोलीत त्याची लेक, तुमची ताई, अभ्यास करत होती. ज्यांच्याविषयी सांगायचं ती माणसं ऐकत असताना मोकळेपणाने सांगता येत नाही. आता तुमचे अर्ज भरायचे दिवस येतील, म्हणून आत्ताच लिहिते आहे. रविवारच्या मराठी शाळेमुळे तुम्हाला देवनागरी वाचता येते; मी वाक्यं लहान ठेवायचा प्रयत्न करीन. अडलात तर आईला विचारा, पण तिला आधी वाचू देऊ नका. मामा तिचा लाडका धाकटा भाऊ आहे.

आपण मूळचे साताऱ्याचे, हे तुम्हाला माहीत आहे. मामा सॉफ्टवेअर कंपनीच्या नोकरीसाठी जयपूरला आला तेव्हा ताई नर्सरीत होती. तुमचे आजोबा गेल्यावर मीही इथे, मालवीय नगरच्या फ्लॅटमध्ये आले. इतकी वर्षं झाली तरी तुमची मामी "आपल्याकडे" म्हणते तेव्हा तिला महाराष्ट्र म्हणायचा असतो. आपल्याकडे भाजी अशी चिरत नाहीत, आपल्याकडे लग्नात असा गोंगाट नसतो. ताईला मात्र "आपल्याकडे" म्हणजे हे घर, ही गल्ली आणि मागची टेकडी. ती मराठी बोलते, पण दर वाक्यात एक "मतलब" येतो.

ताईला दगडांचं वेड आहे. लहानपणी ती टेकडीवरून खिसे भरून दगड आणायची. मामी कपडे धुताना ओरडायची. पुढे तिने पुस्तकं मिळवून त्यांची माहिती वाचली. गॅलरीत तिच्या फळ्या आहेत. त्यांवर मकराण्याच्या संगमरवराचा पांढरा तुकडा आहे, करौलीकडचा गुलाबी दगड आहे, आणि गार्नेटचे लाल कण अडकलेला एक काळा, चमकदार दगड आहे. तो तिचा सगळ्यात आवडता. तिला भूगर्भशास्त्र शिकायचं होतं. हे ती आठवीपासून सांगत होती आणि घरातले सगळे आठवीपासून हसत होते.

बारावीच्या वर्षी मामा तिला एका सल्लागाराकडे घेऊन गेला. कॉलेजं निवडून देणं हा त्याचा धंदा. आमच्या भागात कोचिंगवाल्यांची गर्दी आहे, त्यांतच एका दुकानाच्या माडीवर त्याचं ऑफिस होतं. मीही बरोबर गेले. भिंतीवर मुलांचे मोठमोठे फोटो होते, प्रत्येकाच्या कपाळावर कुंकवासारखा रँक छापलेला. सल्लागार कांद्याची कचोरी खात होता. खाता खाता त्याने ताईची दहावीची गुणपत्रिका उचलली आणि तेलकट बोटांनी उलटसुलट करून बघितली. त्याने ताईकडे मात्र एकदाही बघितलं नाही. सगळं बोलणं मामाशी, आणि मधूनमधून माझ्याशी.

"आंटीजी, पहले ड्रीम, फिर टार्गेट, फिर सेफ. सेफ जितने ज़्यादा, नींद उतनी अच्छी."

"किसकी नींद?" मी विचारलं.

तो हसला. मी विनोद केला असं त्याला वाटलं. मग ताई हळूच म्हणाली की तिला जिऑलॉजी करायचं आहे, इथल्या सरकारी कॉलेजात हा विषय आहे. तेव्हा त्याने पहिल्यांदा तिच्याकडे मान वळवली.

"बेटा, वो तो बैकअप का भी बैकअप है."

मामा त्याच्याबरोबर हसला. त्या हसण्याची मला आजही शिसारी येते. परत येताना ताई गाडीत गुणपत्रिकेवरचा डाग रुमालाने टिपत होती. तो गेला नाही.

त्यानंतर आमच्या घरात बॅकअप हा शब्द सकाळ-संध्याकाळ ऐकू येऊ लागला. एका हॉटेलात खासगी विद्यापीठांचा मेळा भरला होता, तिथेही आम्ही गेलो. प्रत्येक स्टॉलवर हिरवळीचे आणि पोहण्याच्या तलावाचे फोटो होते. शिकवणाऱ्या माणसाचा फोटो मला कुठे दिसला नाही. एका स्टॉलवर जत्रेत असतं तसं रंगीत चक्र होतं. मुलांनी ते फिरवायचं, काटा थांबेल तेवढी फीमध्ये सूट. मुलं रांग लावून फिरवत होती, आईबाप मोबाईलवर त्याचं चित्रण करत होते. मी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं. परीक्षेतली कॉपी बघितली, वशिले बघितले, पण शिक्षणाची अशी सोडत निघालेली बघितली नव्हती. मामी म्हणाली, "फिरव की गं, काय बिघडतं?" ताईने हात मागे घेतले. मग मामीने स्वतःच फिरवलं आणि काटा थांबल्यावर टाळ्या वाजवल्या. प्रत्येक स्टॉलवरून एक कापडी पिशवी मिळाली.

त्या आठवड्यात जेवणाच्या टेबलावर आकड्याचा वाद झाला.

"दहा तरी हवीत," मामा म्हणाला.

"दहा? समोरच्या भाभींच्या मुलाची अठरा आहेत," मामी म्हणाली.

"त्याला लागणारच अठरा, आई," ताई म्हणाली. "तो मतलब कुठेही नापास होऊ शकतो."

"आगाऊपणा नको. तो निदान कॉम्प्युटरला तरी जातोय."

मी ताईला विचारलं, "या सगळ्यांत तू आनंदाने जाशील असं कुठलं आहे?"

"एक पण नाही, आजी. मला इथल्याच कॉलेजात जायचंय. बसने अर्धा तास."

"दगड फोडायला?" मामा म्हणाला. "आणि इथलं कॉलेज कशाला? आपण काय जन्मभर इथे राहणार आहोत? साधी बी.एस्सी.च करायची असली तर पुण्याला कर. सगळं बोंबललं तरी शेवटी पुणं आहेच."

हे वाक्य नीट लक्षात ठेवा. मामाने त्या वर्षी ते किती वेळा म्हटलं याची गणती नाही. आजोबा पुण्यात शिकले, मामा पुण्यात शिकला, त्याचा चुलतभाऊ तिथे राहतो. म्हणून पुणं हे कॉलेजांच्या हिशोबात कधी धरलंच नाही. घरच्या माजघरात जायला कोणी अर्ज करतं का? तसंच त्याला वाटत होतं.

ताईने एकदा विचारलंही, "बाबा, पुण्याला मी बाहेरची नाही का?"

"तू बाहेरची? आडनाव काय तुझं? आरशात बघ जरा."

जयपूरचं मात्र नेमकं उलट. इथल्या सरकारी कॉलेजात राजस्थानची मुलगी म्हणून अर्ज करायचा तर मूळ निवासाचा दाखला लागतो. ताईची सगळी शाळा इथे झाली, तो तिला मिळाला असता. मामाने कधी काढला नाही. "आपण काय इथले आहोत का?" म्हणायचा. कागदावर राजस्थानी होण्यात त्याला कमीपणा वाटायचा.

मग खासगी कॉलेजांना अर्ज गेले. आकडा शेवटी कुठे थांबला मला माहीत नाही, मी ऐकणं सोडलं होतं. लहानपणी एस.टी. फलाटाला लागली की लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायचे. त्यातलाच हा प्रकार होता. रुमाल टाकणाऱ्यांना गाडी कुठे चालली आहे हेसुद्धा बघायचं नव्हतं.

निकाल लागले. बारावीला ताईला चांगले गुण पडले. इंजिनिअरिंगच्या परीक्षेत पडले नाहीत, आणि ते पडणार नाहीत हे मामा सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. दोन दिवस त्याने तोंड पाडलं. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "ठीक आहे. कर तुझं जिऑलॉजी. पुण्याला." ताईचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, झालं, सुटली पोरगी.

मामाने पुण्याच्या कॉलेजात फोन लावला. स्पीकर चालू होता. तो मोठ्या ऐटीत, सातारी ठसक्यात बोलत होता. पलीकडचा कारकून शांतपणे मराठीत उत्तरं देत होता. पत्ता कुठला? जयपूर. शाळा कुठली? जयपूर. रहिवास? मामा आडनाव सांगू लागला. कारकून म्हणाला, "मुलीला द्या जरा." ताई म्हणाली, "सर, मतलब, मी मराठीच आहे." यावर तो कारकून, अगदी सौजन्याने, हिंदीत बोलू लागला. परराज्यातल्या मुलांची यादी वेगळी असते, ती कधीच बंद झाली, अगले साल कोशिश कीजिए. ताईने "जी, थैंक यू" म्हटलं आणि फोन बाबांच्या हातात दिला.

इथे तरी माणसाने शहाणं व्हावं. जयपूरच्या कॉलेजची मुदत अजून संपली नव्हती. दाखला काढायला धावपळ केली असती तर जमलं असतं. पण मामाने पुण्याच्या चुलतभावाला फोन केला.

"अरे, एवढंच ना?" तो म्हणाला. "ती लहानपणापासून माझ्याकडेच राहते असा दाखला काढू. मागच्या तारखेचा. माझ्या ओळखीचा माणूस आहे. सगळे करतात."

मागून त्याच्या बायकोचा आवाज आला. "आणि भावजी, मुलगी इकडे राहिली तर उद्या स्थळंही आपल्यातली येतील. तिकडे कुणी मारवाडी गळ्यात पडला म्हणजे?"

ताई समोर बसली होती. अठरा वर्षांची. मी फोनकडे तोंड करून म्हणाले, "मुलगी शिकायला निघाली आहे. तिला खोट्या कागदावर पुण्याला पाठवायची नाही." चुलतभाऊ म्हणाला, "काकू, तुम्ही यात पडू नका." आणि माझा मुलगा, ज्याला मी वर्गात दुसऱ्याच्या वहीत डोकावला म्हणून बाहेर उभं केलं होतं, तोही म्हणाला, "आई, तत्त्वांवर ॲडमिशन मिळत नाही."

त्यानंतरचे दिवस त्या ओळखीच्या माणसाची वाट बघण्यात गेले. कधी तो गावाला गेलेला असायचा, कधी साहेब रजेवर असायचे. रोज नाश्त्याला ताई म्हणायची, "बाबा, इथल्या कॉलेजची तारीख जवळ आलीय. दाखल्यासाठी तुमची सही पाहिजे." मामाचं उत्तर ठरलेलं, "थांब गं, पुण्याचं होऊ दे." एकदा मी तिचे कागद त्याच्या ताटाशेजारी ठेवले. त्याने ते बाजूला सरकवून पोह्यांवर लिंबू पिळलं. मग एक दिवस ताईने विचारणं बंद केलं. मी कॅलेंडर बघितलं. मुदत आदल्या दिवशी संपली होती. त्याच आठवड्यात पुण्याच्या त्या माणसाने फोन उचलणं बंद केलं.

मग उरले रुमाल. एका खासगी विद्यापीठाची बाई रोज फोन करायची. "बेटा, बधाई हो, आपका सिलेक्शन हो गया है!" जिने काही मागितलंच नव्हतं तिचं अभिनंदन करत होती. मामाने त्याच संध्याकाळी पैसे भरले. कुठल्याशा डेटाचा अभ्यासक्रम आहे. मामीने पेढे वाटले. समोरच्या भाभींना सांगताना ती म्हणाली, "हिची पहिल्यापासून हीच चॉइस होती." मी माझा पेढा बशीत तसाच ठेवला.

ताई आता तिथे दुसऱ्या वर्षाला आहे. विद्यापीठ शहराबाहेर हायवेवर आहे. तिथली बस सकाळी तिला कोपऱ्यावरून नेते. गुण चांगले पडतात, तक्रार करत नाही. मामा पाहुण्यांना सांगतो, "बघा, बॅकअप ठेवलं म्हणून वर्ष वाचलं." तेव्हा ती उठून पाणी आणायला जाते. पुण्याचा विषय आमच्या घरात आता निघत नाही.

तुम्ही किती ठेवायची ते विचारलंत. जिथे तुम्ही खरोखर आनंदाने जाल तेवढीच ठेवा. आणि राहता त्या गावातलं आधी बघा. ते आपलं नाही असं घरात कोणी म्हणालं तर ऐकू नका. एवढं मला सांगता येतं, यापुढचं तुमचे आईवडील बघतील.

त्या मेळ्यातल्या पिशव्या अजून धड आहेत, मामी त्यांत कांदे-बटाटे ठेवते. मागच्या दिवाळीच्या साफसफाईत ती गॅलरीतले दगडही टाकायला निघाली होती.  ताईने सगळे दगड तसल्याच एका पिशवीत भरले, पलंगाखाली ठेवले आणि रंगकाम झाल्यावर परत फळ्यांवर मांडले. दर रविवारी ती ते धुते. टेकडीवरून अधूनमधून नवा एखादा येतो. गार्नेटचा काळा दगड वरच्या फळीवर, पहिल्यासारखा उजव्या कोपऱ्यात आहे.