पाइप फिटरची रीत

शहाऐंशी साली ह्यूस्टनला पीएच.डी. करताना मी एका कम्युनिटी कॉलेजात मोठ्या माणसांना अपूर्णांक शिकवायचो. या वर्गाचं क्रेडिट नसे, पण तो पास झाल्याशिवाय पुढचा कोर्स मिळत नसे. रिफायनरीनं काढून टाकलेला पन्नाशीचा एक पाइप फिटर तिसऱ्यांदा या वर्गात बसला होता.

परीक्षेत विचारलं होतं, पाच अष्टमांश मोठा की नऊ षोडशांश? त्यानं डोळे मिटले, तळहातांवर त्या इंची मापांचे दोन नट तोलावेत तशी बोटं हलवली आणि लिहिलं. उत्तरं सगळी बरोबर, रीत कुठेच नाही. लहानपणी गावाकडे आमच्या शाळेत रीत नसली की भोपळा मिळायचा. मीही तोच दिला.

"सर, तीस वर्षांत माझा एक जोड गळला नाही," तो म्हणाला. "तिथं रीत कुणी विचारली नाही."

जाताना त्यानं माझ्या डगमगत्या टेबलाचा नट बोटांनीच आवळला. टेबल पुन्हा हललं नाही. तो पुन्हा आला नाही.