तीन सेकंदांची ओळ

मंगळवारी सकाळी अकरा वाजता मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या ऑफिसात गिऱ्हाइकाने सरांना विचारलं, "प्रत्येक वजनानंतर तुमचा प्रोग्राम तीन सेकंद का थांबतो?" हा प्रश्न विचारा, असं गिऱ्हाइकाला आदल्या दिवशी मीच सांगितलं होतं.

गिऱ्हाईक म्हणजे मासळी गोठवणाऱ्या कारखान्याचे मॅनेजर. सर आमचे प्रमुख. थांबण्याची ती कोडची ओळ त्यांनी मुंबईच्या जुन्या नोकरीतून आणली होती. प्रत्येक प्रोग्राममध्ये ती घालायला लावत, अगदी रजेच्या अर्जाच्या प्रोग्राममध्येही.

दोन वर्षांपूर्वी मी कारण विचारलं होतं. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "अगो, गणपतीत आरती म्हणतेस ना? की भटजींना शब्दाशब्दाचा अर्थ विचारत बसतेस?" सगळे हसले. "हिला तक्रारींच्या फोनवर बसवा. तिथे विचारू दे काय ते प्रश्न." त्याच दिवशी माझ्याकडचं कोडचं काम काढून घेतलं गेलं.

फोनवर बहुतेक एकच तक्रार यायची: प्रोग्राम रेंगाळतो. एकदा मी कारखान्यात गेले. वजनकाट्यावरच्या बाईंनी सांगितलं, "जुन्या काट्यावर क्रेट ठेवला की आकडा नाचायचा गो. थांबायला लागायचं. हा नवा काटा आकडा ठरल्याशिवाय दाखवीतच नाय. मग तुमचा कॉम्प्युटर वाट कोणाची बघतो?" जुना काटा आता फक्त मागच्या दारी, बर्फाच्या खोलीजवळ उरला होता.

हे मी वहीत लिहून ठेवलं. ऑफिसात कोणालाही सांगितलं नाही. कारखान्याच्या कंत्राटाच्या नूतनीकरणाची बैठक ठरेपर्यंत थांबले.

मंगळवारच्या त्या बैठकीत सर म्हणाले, "ही आमची स्टँडर्ड पद्धत आहे."

"पद्धत कळली हो," मॅनेजर म्हणाले. "का, ते विचारतोय."

आमच्या कंपनीच्या मालकांनी सरांकडे पाहिलं. सरांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला. मी म्हणाले, "ओळ काढता येईल. संध्याकाळपर्यंत करते."

संध्याकाळपर्यंत ती मी सगळीकडून काढली. फक्त मागच्या दारच्या जुन्या काट्याच्या प्रोग्राममध्ये ठेवली. शुक्रवारी मालकांनी कारखान्याचं काम सरांकडून काढून माझ्याकडे दिलं.

सोमवारी सर माझ्या टेबलापाशी आले. आवाज खाली होता. "एका ठिकाणी ती ओळ ठेवलीयस. का?"

मी अजून सांगितलेलं नाही.