सुईत न जाणारा दोरा
ओल्या कापडावर गरम इस्त्री फिरली की जो वास उठतो, तो आला की मला माझा थोरला भाऊ आठवतो. बाळापूरला त्याचं शिवणकामाचं दुकान होतं. साठ सालाच्या सुमारास त्याला जवळ कुणी नसताना आवाज ऐकू यायला लागले. मी अकोल्याला शाळेत शिकवत होते, म्हणून मीच त्याला दर महिन्याला तिथल्या मोठ्या दवाखान्यात नेत असे. गोळ्यांनी आवाज थांबले, पण बोटं ताठरली. एके दिवशी दवाखान्याच्या तापलेल्या व्हरांड्यात आम्ही सकाळपासून बसलो होतो. आत गेल्यावर डॉक्टरांनी मलाच विचारलं, "रात्री झोपतात ना? आरडाओरडा नाही ना? मग उत्तम." भावाने हात पुढे केला. "साहेब, सुईत दोरा जाऊन नाही राहिला." "थोडे दिवस शिवण बंद ठेवा," म्हणत डॉक्टरांनी त्याच गोळ्या लिहून दिल्या. मोटारस्टँडवर तो म्हणाला, "बाई, आता मले तिथं नेऊ नको." "अन् आवाज पुन्हा आले तं?" "येऊ दे. हे हातच बंद पडले तं मी दिवसभर करू काय?" मीही दमले होते. गोळ्या सुटल्या. कात्री पुन्हा चालू लागली आणि आवाजही परतले. शिवता शिवता तो त्यांच्याशी बोलायचा, तशी गिऱ्हाईकं एकेक करून दुसरीकडे गेली. माझी पोलकी मात्र शेवटपर्यंत त्यानेच शिवली. आता माझंही वय झालं, पण त्याच्यानंतर कुणाच्या हातचं पोलकं मला खांद्यात नीट बसलेलं नाही.