दुसऱ्या रविवारची घंटा

मी न्हाणीच्या फरशीवर पडले होते आणि डावा पाय जागचा हलत नव्हता. जरा हललं की मांडीतून कळ थेट डोक्यात जायची. बादली कलंडली होती, लुगडं भिजलं होतं, डिसेंबरची थंडी होती. मोबाईल आतल्या खोलीत खाटेवर. मी ओरडले. बडनेऱ्याला आमचं घर रुळांजवळ आहे, एक गाडी जाते तोवर दुसरी येते. माझं ओरडणं मलाच नीट ऐकू आलं नाही.

मरणाबद्दल माझी तक्रार नव्हती. नवरा रेल्वेत होता, तो जाऊन अकरा वर्षं झाली. मुलगी अकोल्याला जठारपेठेत असते, दर रविवारी संध्याकाळी फोन करते. म्हणजे संध्याकाळपर्यंत मला कोणी विचारणार नाही, हे मला ठाऊक होतं. दुखत होतं ते हेच जास्त.

घरामागे आमचं लहानसं चर्च आहे. रविवारी नऊ वाजता त्याची घंटा मी वाजवते. पाळक महिन्यातून एकदा येतात, बाकीचे रविवार आम्ही चार-पाच म्हातारी माणसंच शास्त्र वाचून उपासना करतो. यंदा आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी कोणीच आलं नाही. कोणाचे गुडघे, कोणाच्या घरचं लग्न. मी ताटात चार मेणबत्त्या मांडल्या होत्या. नाताळपर्यंत दर रविवारी एक जास्त लावायची, पहिली आशेची, दुसरी शांतीची. आशेची लावून रिकाम्या बाकांपुढे एकटी बसले. मग उठून ती फुंकली आणि मोठ्यानं म्हणाले, "पुढच्या रविवारी मी घंटा वाजवणार नाही. कोणासाठी वाजवू? तुला यायचं तर ये, नाहीतर नको येऊ." देवाशी असं बोलू नये. मी बोलले, आणि आठवडाभर मला त्याचं वाईटही वाटलं नाही.

तर दुसऱ्या रविवारी घंटेची घाई नव्हतीच. सावकाश आंघोळीला गेले आणि पडले. उपासनेला कोणी आलं असेल तर कुलूप पाहून परत गेलं असेल.

पडल्यावर मी आधी जी प्रार्थना केली तो हुकूमच होता. कोणाला तरी पाठव, आत्ताच्या आत्ता पाठव. कोणी आलं नाही. मग रडले. मग दात वाजायला लागले आणि रडणंही थांबलं. शेवटी म्हणाले, प्रभू, माझ्यानं आता काही होत नाही. ठेवायचं तर ठेव, न्यायचं तर ने. मी इथंच आहे. दुखणं काही कमी झालं नाही, पण आतली धडपड थांबली. वरच्या झरोक्यातून ऊन आलं होतं, त्याच्याकडे बघत पडून राहिले. तेवढा वेळ मला एकटं वाटलं नाही. याहून जास्त मला सांगता येत नाही.

मग फाटक आदळलं.

"ओ मावशी! घंटा कावून नाही वाजवली वो आज?"

आवाज वच्छलाचा. चर्चच्या मागं तिचा शेवंतीचा मळा आहे.

"दहा वाजाले आले! घंटा झाली का माह्या बाया भाकरीचं फडकं सोडतात. आज घंटाच नाही, त मलेच खाऊन राहिल्या!"

इतकी वर्षं मळ्यातल्या बाया रविवारी माझ्या घंटेवर न्याहारी करत होत्या. मला हे कोणी सांगितलं नव्हतं.

"इकडे ये, न्हाणीत. पडली मी," मी म्हणाले.

न्हाणीला मी कडी लावत नाही, एकटीला कडी कशाला? तिनं दार ढकललं, मला पाहिलं आणि अंगावरची शाल काढून माझ्यावर टाकली. "अवो माय! अन् मी भांडाले आली होती."

"भांड ना मग. मी कुठं पळून राहिली?"

तिनं चार बायांना हाक मारली. शेवंती तोडून हिरवे झालेले हात. त्यांनी मला बाजेवर घालून सडकेपर्यंत नेलं. शास्त्रात एका लुळ्या माणसाला चौघांनी असंच बाजेवर प्रभूकडे नेलं होतं, ते मला तेव्हा आठवलं. अमरावतीच्या दवाखान्यात खुब्याचं ऑपरेशन झालं. मुलगी धावत आली.

वच्छला भेटायला आली तेव्हा मी तिला खरं सांगितलं, की मी पडले नसते तरी घंटा वाजणार नव्हती, मी रुसले होते.

ती म्हणाली, "म्हंजे भांडण बराबरच होतं माहं."

चौथ्या रविवारी मी मुलीच्या घरी अंथरुणावर होते. वच्छलानं चर्चची किल्ली घेतली होती. तिनं घंटा वाजवली आणि फोनवर मला ऐकवली. दोरी फार जोरात ओढते, तुटेल एखाद दिवशी, तसं मी तिला सांगितलं. फोन ठेवला आणि मग प्रभूचे आभार मानले. मला वाटायचं, मी बोलावते म्हणून तो येतो. मी बोलावणं बंद केलं, तरी तो आला, आणि भाकरीसाठी भांडत आला. आता मी त्याला कसं आणि कधी ते सांगत नाही. घंटा वाजवायची, मेणबत्ती लावायची, बाकी त्याचं तो बघेल.

आता काठी घेऊन चालते. घरी परत आले आहे, एकटीच आहे. वय अठ्ठ्याहत्तर, शाळा चौथीपर्यंत. त्या रविवारी न्हाणीत पडले होते ती मीच, आणि मी जिवंत आहे.