फेसबाईची तपासणी

बंदरावरच्या तपासणीच्या टेबलामागे ती एकोणीस वर्षं उभी होती आणि तिला सगळे फेसबाई म्हणायचे. सहलीच्या जहाजाचा नियम साधा होता: माणशी वाइनची एकच बाटली, तीही सीलबंद आणि हातातल्या बॅगेत. बाकीची दारू इथेच काढून ठेवायची. पण नियम साधा असला की लोकांच्या युक्त्यांना ऊत येतो. कुणी शाम्पूच्या बाटलीत भरतं, कुणी लहान मुलाच्या दुधाच्या बाटलीतसुद्धा. सगळ्यांची लाडकी युक्ती म्हणजे गुळण्यांच्या औषधाच्या बाटलीत हिरवा रंग घातलेली दारू.

फेसबाई ती बाटली तीनदा हलवायची. औषधाला फेस येतो आणि टिकतो, दारूचे बुडबुडे बघता बघता विरतात. झाकण उघडून वास घेणं तिला कमीपणाचं वाटायचं. "वास काय, कुणीही घेईल," असं ती नव्या लोकांना ऐकवायची. थोडा माज होता बाईंना, खोटं कशाला बोला.

त्या दुपारी रांगेत तिचे दादा-वहिनी आले. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून पाच दिवसांची सहल. दादानं दारू सोडून आठ महिने झाले होते, त्याआधीच्या वर्षांबद्दल न बोललेलंच बरं. "पुन्हा एकदा बाटली सापडली, तर मी या घरात राहणार नाही," असं वहिनीनं सगळ्या घरासमोर सांगितलं होतं. आणि वहिनी बोलेल ते करणारी.

नातेवाइकाची बॅग शेजारच्या टेबलाकडे द्यायची, हाही नियमच. पण फेसबाईनं दादाची बॅग हौसेनं स्वतःकडे ओढली. "बघू तरी, वहिनीनं काय काय भरलंय!" ती हसत म्हणाली. मोजे, दाढीचं सामान आणि त्याखाली हिरवी बाटली. हात सवयीनं हलला. एकदा, दोनदा, तीनदा. फेस नाही.

तिनं दादाकडे पाहिलं. त्याचा चेहरा उतरला होता. त्याला बाजूला घेता आलं असतं, पण तिच्या डोक्यात तिडीक गेली. आठ महिने वहिनीनं कसे काढले, ते तिनं पाहिलं होतं.

"दादा, यात दारू आहे!" ती रांगेला ऐकू जाईल एवढ्यानं ओरडली. "लाज कशी नाही वाटली रे तुला?"

दादानं मान खाली घातली. "आहे," तो पुटपुटला. "मीच भरली."

"पाणी आहे ते," मागून वहिनी म्हणाली.

फेसबाईनं झाकण उघडलं, नाक लावलं. कसलाच वास नव्हता. पाण्यालाही फेस येत नाही, हे एकोणीस वर्षांत तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. पाणी चोरून नेणार कोण?

"सकाळी हा आंघोळीला गेला, तेव्हा ओतून टाकली मी," वहिनी म्हणाली. "पाणी भरलं, तसलाच रंग घातला. जहाजावर यानं एकट्यानं तोंडाला लावली असती, तेव्हा कळलं असतं याला. ओशाळला असता, गप्प बसला असता. मीही काही विचारलं नसतं."

"वहिनी, मी तुझ्यासाठीच गं..." फेसबाई म्हणाली.

"माहीत आहे मला." वहिनीनं बाटलीचं झाकण घट्ट लावलं. "पण सगळ्यांसमोर बोलून बसले होते ना मी? म्हणून तर मला काही सापडलंच नव्हतं. तू चारचौघांत काढून दाखवलंस. आता मी काय करू, सांग."

वहिनीनं टेबलावरून फक्त स्वतःची बॅग उतरवली आणि जहाजाकडे पाठ करून बाहेरच्या दाराकडे चालू लागली.